सोलापुरातून ब्लॉग आणि सोशल मीडिया सुरू करताना: पहिले तीन महिने, पायरीपायरीनं

पूर्व भागात टॉवेलचे माग चालवणारे, घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणारे, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर किंवा भुईकोट किल्ल्यावर लिहावंसं वाटणारे, या सगळ्यांची सुरुवात बहुतेकदा एकाच चुकीनं होते. एकाच रविवारी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि ब्लॉग असं सगळं उघडलं जातं. पहिल्या आठवड्यात दहा पोस्ट पडतात आणि महिन्याभरात चारही ठिकाणी शुकशुकाट होतो. उत्साह कमी पडला म्हणून हे होत नाही, क्रम चुकला म्हणून होतं. म्हणून खाली कामं ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं दिली आहेत. सातवी पायरी आवडली म्हणून तिथून सुरुवात करू नका.

१. आधी वही, मग मोबाइल

एक साधी वही घ्या आणि लोक तुम्हाला प्रत्यक्षात जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दुकानात, फोनवर, लग्नात भेटलेल्या पाहुण्यांकडून आलेले, सगळे. तीस प्रश्न होईपर्यंत कुठेही खातं उघडू नका.

चादरीचा धंदा असेल तर प्रश्न असे येतात: पहिल्या धुण्यात रंग जातो का? आटते का? ही सोलापुरीच कशावरून? थंडीत पुरेल का, की वरून रजई लागेल? कडक भाकरीवाल्यांना विचारतात: किती दिवस टिकते, पावसाळ्यात मऊ पडली तर काय करायचं, परगावी पाठवताना चुरा होत नाही का?

यातला एकेक प्रश्न म्हणजे एक लेख किंवा एक रील. 'आमच्याविषयी', 'आमची परंपरा', 'दर्जेदार उत्पादने' हे विषय वहीत येणार नाहीत, कारण ते कोणीच विचारत नाही. गूगलवरही लोक प्रश्नच टाकतात, आणि बोलतात तसेच टाकतात. शीर्षक 'सोलापुरी चादरीची वैशिष्ट्ये' असं ठेवण्यापेक्षा 'खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची' असं ठेवलं तर ते वाचकाच्या शोधाशी जुळतं.

भाषाही इथेच ठरवा. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते, त्यामुळे सगळ्यांसाठी सगळं करण्याचा मोह होतो. लेखनाला एकच भाषा धरा. व्हिडिओत मागावरचा कारागीर तेलुगूत बोलला तर उत्तमच, खाली मराठी अक्षरं टाका. एकाच पोस्टमध्ये चार भाषांचे परिच्छेद मात्र कोणीच शेवटपर्यंत वाचत नाही.

२. काय काय जवळ हवं

- कामासाठी वेगळा ईमेल आणि वेगळा मोबाइल नंबर. या नंबरचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो आणि त्यावर येणारे ओटीपीही त्याच्याकडे जातात.
- साधा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर माइकवर करा. चित्र थोडं धूसर असेल तरी लोक बघतात, आवाज फुटला की पुढे जातात.
- पांढऱ्या कार्डशीटचे दोन मोठे कागद. एक वस्तूच्या खाली, दुसरा खिडकीच्या विरुद्ध बाजूला उभा, म्हणजे खिडकीतला उजेड परत वस्तूवर पडतो.
- दुकान किंवा कारखाना असेल तर पाटीचा फोटो, वीजबिल आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिकडे फिरकू नका.
- खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. तो पाकिटावरही हवा आणि पाकिटाच्या फोटोतही वाचता यायला हवा.

सोलापुरी चादर, सोलापुरी टेरी टॉवेल आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. याचा अर्थ ते बोधचिन्ह कोणीही पोस्टवर चिकटवावं असा नाही. ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. नोंद नसेल तर तुमचा माल कुठे, कशावर आणि कोणत्या सुतात विणला जातो ते सरळ लिहा. तेवढंही पुष्कळ होतं.

३. नाव

सगळीकडे एकच नाव हवं. ठरवण्याआधी ते फोनवर कोणाला तरी सांगून बघा. 'मध्ये खालची रेघ, मग दोनदा ए, शेवटी नाइन्टी नाइन' असं समजावून सांगावं लागत असेल तर नाव बदला. नुसतं 'सोलापुरी चादर' हेही नाव नको, त्या नावाची शेकडो खाती आहेत. ब्लॉग, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब या चारही ठिकाणी नाव मोकळं आहे का ते एकाच बैठकीत बघा आणि लगेच अडवून ठेवा. वापर नंतर करा.

४. मराठी टाइप करण्याचा प्रश्न आधी सोडवा

सोलापुरात पत्रिका, हँडबिलं आणि फ्लेक्स करणाऱ्यांकडचा जुना मजकूर बहुतेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो छापायला चालतो, पण ब्लॉगवर चिकटवला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कारण त्या फाँटमध्ये अक्षर आतून इंग्रजीच असतं, फक्त दिसायला मराठी असतं. फाँट नसलेल्या मोबाइलवर त्याचं खरं रूप उघडं पडतं, आणि गूगललाही ते मराठी म्हणून कळत नाही.

तपासणी सोपी आहे. मजकुराची एक ओळ स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा. तिथे नीट दिसली तर ती युनिकोड आहे, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर मराठीच दिसणारी. नाही तर फाँट परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी वाचा, रफार आणि 'श्र' हमखास चुकतात.

मोबाइलवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडली की बोलूनही टाइप होतं. बोलून केलेल्या मजकुरात विरामचिन्हं जवळपास नसतात, ती हातानं घाला. संगणकावर रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकून घ्या. पहिले पंधरा दिवस वैताग येतो, पुढे मात्र वेग आणि शुद्धलेखन दोन्ही सुधारतं.

५. ब्लॉग: हे तुमचं पक्कं घर

रील चार दिवस चालते. नीट लिहिलेला लेख तीन वर्षांनीही शोधात सापडतो. म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

सुरुवातीला गूगलचा ब्लॉगर पुरे. तो फुकट आहे आणि देखभाल जवळजवळ शून्य. पुढे दुकान, पैसे भरण्याची सोय वगैरे हवी असेल तर वर्डप्रेस घ्या, पण त्यासाठी इंटरनेटवर जागा (होस्टिंग) भाड्यानं घ्यावी लागते आणि अद्ययावत करणं तुमच्याच गळ्यात येतं. कोणताही घेतला तरी स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पहिल्याच वर्षी घ्या. उद्या ब्लॉगर सोडून वर्डप्रेसवर गेलात तरी पत्ता तोच राहतो. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

आता एक खास मराठीतली अडचण. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत टाकून तसंच प्रसिद्ध केलं तर लेखाच्या पत्त्यात शीर्षक येतच नाही. नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा निरर्थक पत्ता तयार होतो. वर्डप्रेसवर उलटं होतं: देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली वीतभर लांब ओळ दिसते आणि समोरच्याला ती फसवी लिंक वाटते. दोन्हीकडे उपाय एकच आहे. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकच्या (लेखाच्या पत्त्याच्या) चौकटीत जा आणि पत्ता रोमन अक्षरांत, तीन ते पाच शब्दांत, मध्ये आडव्या रेघा देऊन स्वतः लिहा. त्यात वर्षाचा आकडा घालू नका, का ते आठव्या पायरीत येईल. एकदा लिंक लोकांपर्यंत गेली की पत्ता बदलू नये, जुन्या लिंका तुटतात.

लेख कसा रचायचा, हे एका उदाहरणावरून बघू. विषय: खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची.

पहिल्या दोन ओळींत उत्तर द्या: चादर उलटून बघा, सूत तपासा, लेबल आणि बिल मागा. इतिहास नंतर. त्यापुढे एकेक खूण सविस्तर, फोटोसह. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीत नक्षी छापलेली नसते, विणीतच असते. त्यामुळे पुढची जमीन लाल आणि फूल पांढरं असेल तर मागच्या बाजूला जमीन पांढरी आणि फूल लाल दिसतं. चादरीचा एक कोपरा दुमडून दोन्ही बाजू एकाच फोटोत घ्या. हा एक फोटो तीन परिच्छेदांचं काम करतो.

मग सुताची परीक्षा. कडेचा एकच धागा काढा, पक्कडीत धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. हे लिहिताना एक वाक्य नक्की घाला: या परीक्षेतून सूत कळतं, गाव कळत नाही. अशी प्रामाणिक मर्यादा सांगितलेली असली की वाचक बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवतो. शेवटी धुण्याची पद्धत, तुमच्याकडचे आकार, वजन, किंमत आणि संपर्क.

असा लेख सातशे ते हजार शब्दांत बसतो. दर तीन-चार परिच्छेदांनंतर उपशीर्षक द्या. फोटो बाराशे ते सोळाशे पिक्सेल रुंदीचे आणि शक्यतो दोनशे केबीच्या आत ठेवा. मोबाइलमधला पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर लिहा: 'लाल-पांढऱ्या सोलापुरी चादरीचा दुमडलेला कोपरा'. दृष्टिहीन वाचकांना तो ऐकू येतो आणि गूगलच्या फोटो-शोधातही उपयोगी पडतो.

पाच लेख झाल्यावर गूगल सर्च कन्सोल या फुकट साधनात ब्लॉग जोडा आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्या. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते तिथे दिसतं. ती यादी वहीत उतरवा. पुढचे विषय तिथूनच मिळतात.

६. गूगल नकाशावर नोंद

दुकान, कारखाना किंवा मेस असेल तर ही पायरी टाळू नका. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारी माणसं सोलापुरात उतरतात आणि 'जवळचं चादरीचं दुकान' असं शोधतात. नकाशावरच्या या नोंदीची (बिझनेस प्रोफाइलची) पडताळणी आता बहुतेकदा व्हिडिओवर होते. तो न थांबवता एका दमात काढायचा: रस्ता आणि शेजारची ओळखीची खूण, मग पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं, मग माल किंवा यंत्र. पाटीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षरशः एक हवं. नाव जुळलं नाही की नोंद अडकते.

घरून काम करणाऱ्या भगिनींनी घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवण्याचा पर्याय निवडावा.

७. सोशल मीडिया: एक मुख्य, एक जोडीला

घरगुती पदार्थ, कापड, दागिने असं डोळ्यांना भावणारं काही असेल तर इन्स्टाग्राम मुख्य. गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं आणि गावोगावचं असेल तर फेसबुक. शेती, दुरुस्ती, पाककृती असं शिकवण्यासारखं असेल तर यूट्यूब. फेसबुकवर वैयक्तिक खात्यावर धंदा करू नका. तिथे पाच हजार मित्रांची मर्यादा आहे. पेज काढा.

रीलसाठी मोबाइल उभा धरा, चौकट नऊ बाय सोळा. वर आणि खाली थोडी जागा मोकळी सोडा, तिथे नाव, मजकूर आणि बटणं येतात आणि तुमची अक्षरं झाकली जातात. लेन्स सुती कापडानं पुसा. चटणी कुटताना उडालेलं तेल लेन्सवर बसलं की सगळं चित्र धुक्यात दिसतं.

शेंगाचटणीची तीस सेकंदांची रील अशी काढा. पहिल्या तीन सेकंदांत उखळातला मुसळाचा घाव आणि चटणीला सुटणारं तेल, अगदी जवळून. 'नमस्कार मित्रांनो' तिथे नको. मग मागे जाऊन भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, प्रत्येकी दोन सेकंद. मग पुन्हा कुटणं, आणि इथे मुद्दा सांगा: मिक्सरला भराभर फिरवली की दाण्याचं कूट होतं, कुटल्यावर दाण्याचं तेल सुटून चटणी धरते. शेवटी कडक भाकरीवर चटणी आणि दही. किंमत आणि वजन पडद्यावर लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्मी माणसं विचारतच नाहीत, आणि उरलेल्यांना रात्री अकरापर्यंत उत्तरं देत बसावं लागतं.

यंत्रमागाशेजारी बोलून रेकॉर्ड करू नका, खटखटाटात शब्द ऐकू येत नाहीत. मागाचा आवाज दहा सेकंद स्वतंत्र घ्या, बोलणं घरी शांत खोलीत घ्या आणि मग दोन्ही जोडा. मागाचा आवाज हलका करून मागे ठेवा, पण काढून टाकू नका, तो आपल्या गावाचा आवाज आहे. बोललेलं सगळं मराठी अक्षरांत खाली द्या, बसमध्ये आणि ऑफिसात लोक आवाज बंद करूनच बघतात.

गाजलेलं गाणं मागे लावण्यापूर्वी लक्षात घ्या: इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला गाण्यांचा साठा मर्यादित मिळतो आणि हक्क नसलेलं गाणं लावलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. हॅशटॅग तीन ते पाच पुरेत: पदार्थ, गाव, उपयोग.

आठवड्याला दोन रील आणि एक लेख एवढंच ठरवा. रविवारी दुपारी दोन तास चित्रीकरण करून चार रीलचा माल गोळा करणं हे रोज थोडं थोडं करण्यापेक्षा खूप सोपं जातं.

८. सोलापूरचं पंचांग वापरा

आपल्याकडचं वर्ष ठरलेलं आहे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. थंडीत हुरडा. आषाढीला पंढरपूर. नवरात्रात तुळजापूरला जाणारी गर्दी आणि कोजागरीला सोलापुरातून पायी निघणारे भक्त. या प्रत्येक वेळी लोक नेमकी माहिती शोधतात: गाडी कुठे लावायची, सोहळा कोणत्या दिवशी, हुरडा कधीपासून मिळतो, पायी जाताना सोबत काय घ्यावं.

लेख सहा आठवडे आधी टाका. गूगलला तो शोधून वर आणायला वेळ लागतो. रील मात्र आठ-दहा दिवस आधी. दरवर्षी नवा लेख लिहू नका, त्याच लेखात तारखा आणि बदल दुरुस्त करा. जुन्या पानाची साठलेली पत कायम राहते. म्हणूनच पत्त्यात वर्ष नको होतं. गर्दीच्या दिवशी मात्र पोलिसांनी जाहीर केलेले वाहतुकीचे बदल तपासूनच लिहा. चुकीचा रस्ता सांगितलात तर म्हातारी माणसं दोन कोस उगाच चालतील.

९. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

कॅटलॉग भरा, 'पत्ता', 'दर', 'कुरिअर' यांची तयार उत्तरं करून ठेवा. प्रसारण यादीतला संदेश फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर 'नंबर सेव्ह करा' असं छापा. न विचारता कोणाला गटात घालू नका. तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होतो. चॅनेल काढलं तर अनुयायांना तुमचा खासगी नंबर दिसत नाही, घरून काम करणाऱ्यांना ते सोयीचं.

१०. फसगतीच्या जागा

सर्वांत मोठी फसगत ओळखीच्या माणसाकडूनच होते. भाचा किंवा एखादा डिझायनर 'मी पेज काढून देतो' म्हणतो आणि ते स्वतःच्या ईमेलवर काढतो. दोन वर्षांनी तो पुण्याला जातो आणि चावीही जाते. त्याची दानत चांगली असली तरी हे होतं. म्हणून ईमेल, नंबर आणि डोमेनची पावती तुमच्याच नावावर हवी. मदतनीसाला पेजवर मर्यादित अधिकार द्या, पासवर्ड देऊ नका.

'तुमच्या पेजनं कॉपीराइट मोडला, चोवीस तासांत इथे लॉगिन करा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. खरी सूचना अ‍ॅपच्या आतच दिसते. द्विस्तरीय सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) चालू करा आणि पर्यायी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

अनुयायी विकत घेऊ नका. पाच हजार खोटी खाती तुमची रील बघत नाहीत, म्हणून अ‍ॅपला वाटतं की ती कोणालाच आवडली नाही, आणि खऱ्या लोकांपर्यंतही ती जात नाही. गूगलवरून उचललेला फोटो वापरू नका. कोणाकडून पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन काही लिहिलं तर सुरुवातीलाच 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत.

वाईट प्रतिक्रिया पुसू नका. 'चादरीचा रंग गेला' असं कोणी लिहिलं तर चोवीस तासांत तिथेच उत्तर द्या: कोणत्या पाण्यात धुतली ते विचारा, बदलून देणार असाल तर तसं सांगा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा ती वाचणारी पन्नास माणसं जास्त लक्षपूर्वक बघत असतात. शिवीगाळ असेल तर मात्र निःशंक काढून टाका.

११. तीन महिन्यांनी काय मोजायचं

पसंतीचे (लाइकचे) आकडे बाजूला ठेवा. चार गोष्टी वहीत लिहा: किती रील लोकांनी सेव्ह केल्या आणि पुढे पाठवल्या, सर्च कन्सोलमधून किती जण आले, किती जणांनी फोन किंवा मेसेज केला, आणि 'तुम्हाला आमच्याबद्दल कुठे कळलं' या प्रश्नाला काय उत्तरं आली. हा शेवटचा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा. ज्या विषयावर फोन आले, त्यावर आणखी तीन लेख लिहा.

यूट्यूबच्या जाहिरातींवर लगेच भिस्त ठेवू नका. जाहिरातींतला वाटा मिळायला एक हजार सदस्य (सबस्क्रायबर) आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं लागतात. सुरुवातीची कमाई तुमच्या मालातून किंवा शिकवणीतूनच येईल.

१२. प्रत काढून ठेवा

महिन्यातून एकदा ब्लॉगच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये शब्द येतात, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. मूळ फोटो आणि व्हिडिओ वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, प्रत्येक लेखाचा एक फोल्डर, नावात तारीख. यात्रेचे फोटो तर दोन ठिकाणी ठेवा, कारण ते पुन्हा काढायला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागतं.